तिसरं प्रकरण

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी दहाला एक वर्ग सुरू झाला. ‘आपलं पुस्तक आपणच काढा’ असा कागद खाली सूचनाफलकावर लावला होता. एकूण सहा रविवार. पहिल्या रविवारी आम्ही नऊ जण होतो, शेवटी चार उरलो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर जे गृहस्थ येऊन बसले, त्यांच्या भुवयांवर पांढरी पूड होती. मी निवृत्त नर्स. कुणाच्या अंगावर काही वेगळं दिसलं की विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

“प्लास्टर आहे,” ते म्हणाले. “धुतलं तरी जात नाही पूर्ण. कवळ्या बनवतो मी.”

तेव्हापासून वर्गात ते कवळीवाले झाले आणि मी सिस्टर. पुढे वर्ग संपला, पण नावं तीच राहिली.

दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतात, आणि ते माप जातं मागच्या गल्लीतल्या कवळीवाल्यांच्या खोलीत. तिथे ते त्यात प्लास्टर ओतायचे, जबड्याचा साचा काढायचे, मेणात एकेक दात बसवायचे, आणि सगळं जमलं की गुलाबी हिरड्यांची पक्की कवळी करून मोटरवर घासत बसायचे. चार डॉक्टरांची कामं यायची. वय अठ्ठावन्न, त्यातली पस्तीस वर्षं त्या खोलीत गेलेली. हजारो लोकांना त्यांनी दात दिले, पण त्यांतल्या एकाचाही चेहरा कधी पाहिला नव्हता. येताना माप यायचं, जाताना डबीतून कवळी जायची. रस्त्यात कुणी म्हातारं माणूस हसलं की हे थांबून त्याच्या तोंडाकडे बघायचे. त्यावरून एकदा बाचाबाची झाल्याचंही त्यांनी मला सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत, त्याच खोलीत, घासायच्या मोटरशेजारी बसून त्यांनी अकरा वर्षं एक कादंबरी लिहिली होती. आधी वह्यांत. मग वह्यांवरून कॉम्प्युटरवर, दोन बोटांनी. चारशे बारा पानं झाली.

कादंबरी त्यांच्या थोरल्या भावावर होती. हा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना घरातून निघून गेला, तो परत आला नाही. तेव्हा कवळीवाले तेरा वर्षांचे. मध्ये एक बहीण, अक्का. वडील वजनकाट्यावर कारकून होते. मालाच्या गाड्या काट्यावर चढायच्या, आणि वडील आकडा लिहायचे. घरीसुद्धा ते प्रत्येक गोष्ट काट्यावर चढवल्यासारखी बघायचे. थोरल्याने कॉलेज पुरं करावं, त्यांच्याच ऑफिसात चिकटावं, हे त्यांचं ठरलेलं होतं. आणि थोरला एक दिवस नाहीसा झाला. शोधाशोध झाली, पोलिसांत कळवलं. आई चार वर्षं दाराची कडी लावू द्यायची नाही. नंतर वडील गेले, मग आईही गेली.

“तो गेल्यावर त्याचं काय झालं असेल, ते मी लिहिलंय,” कवळीवाले मला म्हणाले. “सगळं मनाचं. त्याला अक्षरं फार छान यायची. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. म्हणून मी त्याला पाट्या रंगवणारा केलाय. एका बंदराच्या गावात जातो, तिथे नाव काढतो. लग्न करतो. मुलगी होते. मुलीशी त्याचं पटत नाही, ती घर सोडून जाते. असं सगळं.”

“आणि प्रकाशकांनी काय म्हटलं?”

“सात जणांना पाठवलं. तिघांनी उत्तर दिलं. एकाने लिहिलं, भाषा ओघवती आहे, पण आमच्या यादीत बसत नाही.” त्यांनी वही मिटली. “मला यादीत बसायचं नव्हतंच, सिस्टर. तो कुठेतरी असेल. त्याच्या हाती पडलं तर बरं, एवढंच.”

माझं पुस्तक कुंडीतल्या झाडांवर होतं. मला त्यांच्यापुढे उगाच ओशाळल्यासारखं झालं.

शिकवणाऱ्या मॅडम पूर्वी एका छापखान्यात पानं लावायचं काम करायच्या. स्वतःची पाच पुस्तकं त्यांनी स्वतःच काढली होती, आणि त्यांतलं एकही फारसं खपलं नव्हतं, हे त्यांनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं. त्यामुळे तीन जण दुसऱ्या रविवारी आलेच नाहीत. मला मात्र बाई आवडल्या. त्यांनी सगळं हातात धरून शिकवलं. पानाचा आकार कसा ठरवायचा. आतल्या बाजूला समास जास्त का सोडायचा, नाहीतर ओळी शिवणीत शिरतात आणि वाचणाऱ्याला पुस्तक फाकवून धरावं लागतं. पुस्तकाचा क्रमांक कुठून घ्यायचा. आता पूर्वीसारख्या हजार प्रती छापून पलंगाखाली ठेवाव्या लागत नाहीत. फाइल छापणाऱ्या कंपनीच्या साइटवर चढवायची, कुणी मागवली की एक प्रत छापली जाते आणि परस्पर त्याच्या घरी जाते, जगात कुठेही.

“जगात कुठेही,” कवळीवाल्यांनी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

मॅडमनी ते पाहिलं. “काका, दिसणं वेगळं आणि पोचणं वेगळं,” त्या म्हणाल्या. “तुमचं पुस्तक तिथे दिसेल. लाखो पुस्तकं दिसतात. कुणाला शोधायचं असेल तर सापडेल. पण तुमचं नाव माहीत असल्याशिवाय कोण शोधणार?”

“त्याला माझं नाव माहीत आहे,” कवळीवाले म्हणाले.

चौथ्या रविवारी मॅडमनी सगळ्यांना एकमेकांचं लिखाण वाचायला दिलं. मला त्यांची कादंबरी आली, त्यांना माझी झाडं. मी ती आठवडाभर वाचत होते. खरं सांगते, पहिली दोन प्रकरणं मी नेटाने वाचली. घर, वजनकाटा, वडिलांचा स्वभाव. तिसऱ्या प्रकरणाशी मात्र चहा गार झाला.

त्या प्रकरणात थोरला कॉलेजात नापास झालाय आणि घरी सांगितलेलं नाही. रोज पुस्तकं घेऊन निघतो आणि बाजारात पाट्या रंगवतो. धाकट्याला त्याने कबूल केलेलं असतं की तुझ्या पत्र्याच्या पेटीवर तुझं नाव रंगवून देईन, मागे सावली असलेल्या अक्षरांत. आज देतो, उद्या देतो, असं करत महिने जातात. एक दिवस धाकटा त्याला बाजारात शिडीवर पाहतो. रात्री जेवताना, वडिलांचे साहेब पाहुणे म्हणून बसलेले असताना, धाकटा वाढता वाढता थांबतो आणि सगळ्यांसमोर विचारतो, “दादा, आज शिडीवरून पडला नाहीस ना?” नुसतं भोळेपणाने विचारल्यासारखं. आणि त्याला पक्कं माहीत असतं आपण काय करतोय ते. साहेब गेल्यावर वडील थोरल्याचे ब्रश मोडतात, एकेक करून, घाई न करता. थोरला एकदाच धाकट्याकडे बघतो. सकाळी अंथरूण रिकामं.

पुढच्या रविवारी मी त्यांना म्हटलं, “हे तिसरं प्रकरण तुमच्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं आहे.”

त्यांनी नुसती मान हलवली. “खरं घडलेलं तेवढंच आहे त्यात,” ते म्हणाले.

त्याच दिवशी मॅडम पानांच्या संख्येवर बोलल्या. जितकी पानं जास्त तितकी छपाई महाग, आणि तितकी पुस्तकाची किंमत चढी. नव्या लेखकाचं चारशे पानांचं पुस्तक कुणी हातात घेत नाही. “काका, तुम्ही शंभर तरी पानं कमी करा,” त्या म्हणाल्या. “जिथे लांबलंय तिथून काढा.”

कवळीवाल्यांनी ऐकलं. बंदरातलं एक प्रकरण काढलं, लग्नातला बराचसा भाग काढला, दोन वादळं काढली. आणि तिसरं प्रकरण सगळं काढलं. त्याच्या जागी एक ओळ आली, की ‘एका ओळखीच्या माणसाकडून वडिलांना सगळं कळलं.’

मी म्हटलं, “अहो, ते का काढलंत?”

“लांबत होतं.”

“बावीस पानं तर आहेत.”

“बावीस पानं म्हणजे किमतीत फरक पडतो, सिस्टर.”

मी परत एकदा विचारायला हवं होतं. हॉस्पिटलात मी पेशंटला दहादा विचारायचे, दुखतंय का, कुठे दुखतंय. इथे मी म्हटलं, लेखक ते आहेत, त्यांना कळतं. आणि गप्प बसले.

पुस्तक निघालं. पहिली तपासणी प्रत आली तेव्हा ते ती घेऊन माझ्या घरी आले. कपाटात उभं ठेवल्यावर जी कड दिसते तिच्यावर नाव थोडं खाली घसरलं होतं. त्यांनी फूटपट्टीने मोजलं, फाइल दुरुस्त केली, दुसरी प्रत मागवली. ती नीट आली. अर्पणपत्रिकेवर लिहिलं होतं, ‘दादास. जिथे असशील तिथे.’

मग वाट बघणं सुरू झालं. साइटवर लेखकासाठी एक पान असतं, तिथे विक्रीची रेघ दिसते. पहिल्या आठवड्यात ती थोडी वर गेली. त्या प्रती मी, मॅडम, कवळीवाल्यांचा साडू आणि दोन डॉक्टर यांनी घेतलेल्या. त्यानंतर ती जमिनीला टेकली ती टेकलीच. त्यांची बायको शाळेच्या कार्यालयात कामाला होती, स्वभावाने सरळ. “मी वाचतेय, सावकाश वाचतेय,” ती म्हणायची, आणि खूण कित्येक महिने चाळिसाव्या पानावर होती. एका डॉक्टरांनी आपली प्रत दवाखान्यात बाहेरच्या बाकाशेजारी ठेवली, पण ज्याची दाढ ठणकतेय तो कादंबरी कशाला उघडेल. काही दिवसांनी ती खिडकीच्या फटीत घातलेली दिसली, झडप आपटू नये म्हणून. साइटवर एक अभिप्राय आला. एक तारा. ‘पार्सल सहा दिवस उशिरा आलं.’ कवळीवाल्यांनी तो मला फोनवर वाचून दाखवला आणि म्हणाले, “पण मागवलं तर होतं कुणीतरी.”

ते रोज सकाळी कामाला लागायच्या आधी ती रेघ बघायचे. मी त्यांना म्हटलं, ताप नसताना थर्मामीटर लावत बसू नका. त्यांना हसू आलं, पण बघणं काही थांबलं नाही.

अक्काला त्यांनी प्रत स्वतः नेऊन दिली होती. अक्का पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेली, गावाच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिने पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, अर्पणपत्रिका वाचली आणि ते कपाटात ठेवलं. दोन महिने तिने त्यावर शब्द काढला नाही. कवळीवाल्यांनी विचारलं नाही.

मग एका मंगळवारी दुपारी ती त्यांच्या खोलीवर आली. पस्तीस वर्षांत ती तिथे कधी आली नव्हती. पुढचं सगळं मला त्यांनी सांगितलं, तसंच सांगते.

मोटर चालू होती म्हणून त्यांना दार वाजलेलं कळलं नाही. वर पाहिलं तर अक्का उभी, एका हातात पिशवी, दुसऱ्याने पदर नाकाला लावलेला. त्यांनी मोटर बंद केली, खुर्चीवरची पूड पुसली. ती बसली नाही.

“तुला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “मध्ये बोलू नकोस. थोरला आहे.”

“कुठे आहे?”

“बोलू नकोस म्हटलं ना. आहे. आई गेली तेव्हा मी पेपरात चार ओळी दिल्या होत्या, आठवतं? त्या त्याने वाचल्या. आठ दिवसांनी माझ्या ऑफिसात फोन आला. तेव्हापासून दर वर्षी आई गेली त्या तारखेला फोन करतो. एकतीस वर्षं झाली.”

कवळीवाल्यांच्या हातात तेव्हा एक खालची कवळी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. कोणत्या डॉक्टरांकडची होती तेही त्यांनी मला सांगितलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“त्याची अट होती. धाकट्याला सांगितलंस तर पुन्हा फोन येणार नाही, म्हणाला. त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणाला.” अक्काने खाली बघितलं. “मी किती वेळा विषय काढला. पाच वर्षांनी काढला, दहा वर्षांनी काढला. दर वेळी तो म्हणायचा, बरं, ठेवू का मग. मग मी गप्प बसायचे. पाच मिनिटांचा तर फोन असायचा.”

“काय करतो तो?”

“शीतगृहात आहे. माल चढवणं-उतरवणं करायचा, आता वॉचमन आहे. रंगाचा ब्रश त्यानंतर हातात धरला नाही.”

तिने नाकावरचा पदर काढला. मग अक्का म्हणाली, “तुझं पुस्तक मी त्याला पाठवलं.”

कवळीवाल्यांना क्षणभर वाटलं ते एवढंच. अकरा वर्षं ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्या हाती ते पडलं होतं. विक्रीच्या रेघेत ते दिसलंही नसतं.

“मला वाटलं त्याला बरं वाटेल,” अक्का म्हणाली. “तू त्याला किती मोठा केलायस त्यात. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. तारीख नसताना. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, धाकट्याने सगळ्यांबद्दल लिहिलंय. बाबांचं लिहिलं, माझं लिहिलं, आईच्या कडीचं लिहिलं. स्वतःचं तेवढं गिळलं. ओळखीच्या माणसाकडून कळलं, असं लिहिलंय. कोण हा ओळखीचा माणूस, विचारत होता.”

“अक्का, मी ते लिहिलं होतं. बावीस पानं होती. पानं कमी करायची होती म्हणून...”

“ते मला माहीत नाही. त्याला तर नाहीच नाही.” ती आता खुर्चीवर टेकली. “आणि दुसरं. तू त्याला मुलगी दिलीस पुस्तकात. ती भांडून घर सोडते. आणि तो तिच्या चपला दाराशी तशाच ठेवतो, पुसून.”

“हो.”

“त्याला मुलगी आहे. वीस वर्षांची असताना निघून गेली, बोलत नाही त्याच्याशी. तिच्या चपला दाराशी आहेत अजून. चार वर्षांपूर्वी त्याने मला सांगितलं होतं. फक्त मला.”

“पण मी ते मनाने लिहिलं. तुझी शपथ, अक्का, मला काही माहीत नव्हतं.”

“मला ठाऊक आहे तुला माहीत नव्हतं. पण त्याला कोण पटवणार? तो म्हणाला, तू माझं सगळं त्याला पोचवत होतीस. म्हणाला, हे पुस्तक बंद करायला सांग. आणि फोन ठेवला. मी परत लावला, तर नंबर बंद.”

ती रडली नाही. उठली, पिशवी घेतली. दारात म्हणाली, “मी तुझ्यावर रागावलेली नाही. पण मला वर्षातून पाच मिनिटं होती. ती पण गेली.”

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. भुवया पांढऱ्याच होत्या. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “चपलांचं मी एका दुपारी लिहिलं, जेवण बाजूला ठेवून. लिहून झाल्यावर मला वाटलं होतं, हे खरं उतरलंय. सगळ्या पुस्तकात तेवढंच मला तसं वाटलं होतं.”

 हॉस्पिटलात अशा वेळी आम्ही पाणी द्यायचो. मी पाणी दिलं.

पुस्तक बंद करायच्या आधी त्यांनी एक केलं. काढलेलं तिसरं प्रकरण परत घातलं. या पद्धतीत तेवढी एक सोय असते, जुनी फाइल काढून नवी चढवता येते, आणि त्यानंतर मागवलेली प्रत नवी छापून येते. माझ्याच टेबलावर बसून त्यांनी ते केलं. पानं वाढली, त्यामुळे पाठीची जाडी वाढली, त्यामुळे मुखपृष्ठ पुन्हा मापात बसवावं लागलं. मॅडमना फोन करून विचारलं, त्यांनी माप सांगितलं. मॅडमनी विचारलं, “दुसरी आवृत्ती का, काका? बरं चाललंय म्हणायचं.” ते म्हणाले, “हो, जरा दुरुस्ती आहे.”

त्या आवृत्तीची त्यांनी एकच प्रत मागवली. आत चिठ्ठी घालायला बसले, चार वेळा लिहून फाडली, शेवटी चिठ्ठी न घालता नुसती तिसऱ्या प्रकरणाशी कागदाची पट्टी ठेवली. पत्ता अक्काने स्वतःच्या हाताने घातला. ती पार्सलवर लिहीत असताना कवळीवाल्यांनी तो पाहिला. ज्या गावाचं नाव होतं तिथे ते एकदा गेले होते, एका डॉक्टरांच्या कामासाठी, दिवसभर.

पार्सल तीन आठवड्यांनी परत आलं. टपालवाल्याने एका चौकोनात बरोबरची खूण केली होती, ‘घेण्यास नकार’. घरी कुणी नाही, पत्ता बदलला, असे दुसरेही चौकोन होते. ते रिकामे होते. कवळीवाल्यांनी ते सगळीकडून फिरवून पाहिलं, भावाच्या हातचं काही आहे का. काही नव्हतं. दोरीसुद्धा सुटलेली नव्हती.

मी विचारलं, “जाऊन का येत नाही? पत्ता आहे आता.”

“पत्ता त्याने अक्काला दिलेला आहे,” ते म्हणाले. “मी गेलो तर तो म्हणतो तेच खरं ठरेल, अक्का त्याचं सगळं मला पोचवते ते.”

मग त्यांनी पुस्तक बंद केलं. एक बटण असतं. दाबलं की विचारतात, नक्की का? पुन्हा दाबायचं. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की पान पूर्ण पुसलं जात नाही. नाव राहतं, मुखपृष्ठ राहतं, तो एका ताऱ्याचा अभिप्राय राहतो, आणि खाली ‘सध्या उपलब्ध नाही’ असं येतं. ज्या प्रती गेल्या त्या परत बोलावता येत नाहीत. तरी डॉक्टरांच्या खिडकीतली प्रत ते जाऊन घेऊन आले. त्याऐवजी लाकडाची एक पाचर करून दिली.

आईच्या तारखेला ते अक्काकडे गेले. सकाळी नऊच्या सुमाराला फोन यायचा, अक्काने सांगितलं होतं. दोघं समोरासमोर बसले. मधे फोन. दहा वाजता अक्काने चहा केला. अकराला एक फोन आला, तो पाण्याचं बिल भरल्याच्या चौकशीचा होता. तिच्याच जुन्या खात्यातून. बाराला ती म्हणाली, “जेवून जा.” ते जेवले.  निघताना तिने फोन उचलून त्याच्या जागी, कोनाड्यात ठेवला.

याला आता वर्ष होत आलं. कवळीवाले लिहीत नाहीत. दुपारच्या सुट्टीत जेवतात आणि खुर्चीत डोळे मिटून बसतात. मॅडमचा नवा वर्ग सुरू झाला तेव्हा त्यांनी आम्हाला अनुभव सांगायला बोलावलं. मी गेले, झाडांवर बोलले. ते आले नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर काय सांगू, असं मी त्यांना आधी विचारलं होतं. “सांगा, समास बरोबर सोडले होते,” म्हणाले.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीवर गेले होते, डॉक्टरांनी माझ्या एका दाढेचं माप त्यांच्याकडे पाठवलं होतं, त्या निमित्ताने. बाकावर बसायला जागा करून दिली. बोलताना मी अक्काची चौकशी केली.

“येते,” ते म्हणाले. “महिन्यातून एकदा येते. इथेच, दुपारची. बसते आणि एक फोन सांगते.”

“फोन?”

“त्याचे. पहिल्या वर्षी काय म्हणाला, दुसऱ्या वर्षी काय म्हणाला. आता लपवून काय करायचं, म्हणते. एका खेपेला एकच सांगते. पहिल्या वर्षी आईने शेवटी काय खाल्लं ते विचारलं होतं त्याने. तिसऱ्या वर्षी त्याचं लग्न झालं होतं. सहाव्या वर्षी नुसता खोकत होता.”

“तुम्ही लिहून ठेवत नाही?”

“नाही.” त्यांनी हातातली कवळी उजेडाला धरली, एका दाताची कड बोटाने चाचपली. “काही वर्षांचे तिला आठवतच नाहीत. त्या वर्षी काय बोलला काही आठवत नाही रे, म्हणते, आणि वाईट वाटून घेते. मी म्हणतो, असू दे. पुढचा सांग.”